जुन्या गाडीसोबत काय घालू? कामाच्या कपड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली, रॅलीच्या तारखा कळायला लागल्या, की मला दोन प्रकारचे निरोप येतात. एक, "कार्ब्युरेटरचं कीट कुठे मिळेल?" दुसरा, "गाडीसोबत घालू काय?" पहिल्याचं उत्तर दरवर्षी बदलतं. दुसऱ्याचं फारसं बदलत नाही, म्हणून एकदाच बसून लिहून काढतो आहे. इथे फक्त कामाचे कपडे आहेत: मेकॅनिकचे, ड्रायव्हरचे, पेट्रोल पंपावरच्या माणसाचे. थ्री-पीस घालून बॉनेटला टेकणाऱ्या मालकांसाठी सल्ला देणारे पुष्कळ आहेत.

१. हा शेवटी फॅन्सी ड्रेसच ना?

फॅन्सी ड्रेसमध्ये कपडा लांबून ओळखू आला की झालं. कामाचा कपडा घालून गाडीखाली सरपटता आलं पाहिजे, हँडल मारून इंजिन सुरू करता आलं पाहिजे, खिशात पाना राहिला पाहिजे. मी एवढी एकच कसोटी लावतो. गुडघा वाकवताना जो कपडा अडतो तो कितीही जुन्या फोटोसारखा दिसो, मी त्याला पास करत नाही.

२. माझ्याकडे १९५४ ची फियाट आहे. त्या सालाचं नेमकं काय घालायचं?

आधी तीन गोष्टी ठरवा: गाडी कुठल्या सालची, ती कुठे चालत होती, आणि तुम्ही कोण आहात. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात.

प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० चं काम हाती घेतलं ते १९५४ च्या सुमाराला. तुम्ही त्या कारखान्यातले फिटर असाल तर खाकी किंवा निळा सुती बॉयलर सूट शोभेल. गल्लीतल्या गॅरेजचे मिस्त्री असाल तर खरं सांगायचं तर अर्धी खाकी चड्डी, बनियन आणि खांद्यावर एक मळकं फडकं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गॅरेजांत बॉयलर सूट कधी पोचलाच नाही. तो कारखाना, रेल्वे, गोदी आणि मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस स्टेशनांचा. आणि स्वतः गाडी चालवणारे मालक असाल तर शर्टावरून घालायचा गुडघ्यापर्यंतचा सैल सुती कोट पुरतो, दुकानदार आणि प्रयोगशाळेतली माणसं घालायची तसा.

सालाबद्दल एक पेच असतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे १९७४ सालची फियाटसुद्धा आता कागदोपत्री व्हिंटेज होऊ शकते. तिच्यासोबत १९३० चा पोशाख घालून उभं राहू नका. तिच्या सालाला टेरीकॉट (सुती आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड) आणि बेलबॉटम चालतात, हे ऐकून पुष्कळ जण नाराज होतात, पण खरं आहे.

३. बॉयलर सूट, डंगरी, ओव्हरऑल हे सगळं एकच ना?

दुकानदार एकच म्हणून देतो, पण तीन वस्तू आहेत.

बॉयलर सूट म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध. कोळशाच्या बॉयलरवर काम करणाऱ्यांसाठी तो निघाला. शर्ट आणि पँट वेगळे असले की कमरेशी फट राहते आणि काजळी तिथून आत शिरते. एकसंध कपड्यात ती फटच नाही. अमेरिकेत ली कंपनीने असा एकसंध सूट १९१३ मध्ये विकायला काढला.

डंगरी म्हणजे छातीवर पट्टी आणि खांद्यावर दोन बंद असलेली पँट. आत शर्ट वेगळा.

आणि ओव्हरऑल हा ढगळ शब्द आहे. कपड्यावरून घालायचं ते सगळं ओव्हरऑल.

आता डंगरीबद्दल थोडं जास्त, कारण हा शब्द आपला आहे. इंग्रजी कोश तो मुंबईच्या डोंगरीपाशी आणून सोडतात. त्या बाजूला एक जाडंभरडं, स्वस्त सुती कापड विकलं जायचं. युरोपी व्यापारी आणि खलाशी ते सतराव्या शतकापासून ओळखतात. ते शिडाला वापरलं, अंगावर घातलं, आणि पुढे कापडाचं नाव कपड्याला चिकटलं. डोंगरी म्हटलं की आज लोकांना भलतंच काही आठवतं. पण इंग्लंड-अमेरिकेतला मेकॅनिक सकाळी जे अंगात चढवतो त्याचं नाव मुंबईच्या एका वस्तीवरून पडलं आहे. तेव्हा 'डंगरी तर परदेशी पोशाख' असं रॅलीत कुणी म्हणालं तर गप्प बसू नका.

४. कापड कोणतं मागू? डेनिम चालेल?

दुकानात 'ड्रिल द्या, शंभर टक्के कॉटन' म्हणा. ड्रिल म्हणजे तिरक्या विणीचं घट्ट कापड, शाळेच्या खाकी चड्डीचं असायचं ते. वजन दर चौरस मीटरला २४० ते २८० ग्रॅम बघा. मुंबई-कोकणच्या दमटपणात २४० च्या वर जाऊ नका. पुण्या-नाशकाकडे २८० सोसतं. डेनिम ३४० ग्रॅमच्या पुढे जातं आणि मार्चनंतर अंगावर ठेववत नाही. शिवाय त्याचा रंग लागतो, त्याबद्दल प्रश्न १२ मध्ये.

कापडात टेरीकॉट आहे का हे कळत नसेल तर कडेचे दोन धागे काढून काडेपेटीची काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख चुरली जाते. टेरीकॉटचा धागा आकसतो आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. टेरीकॉट आपल्याकडे साठच्या दशकात पसरलं, त्यामुळे त्याआधीच्या गाडीसोबत ते चुकीचं आहेच. शिवाय गरम सायलेन्सरला टेकलं की वितळून कातडीला चिकटतं. हे कारण सालापेक्षा मोठं.

रंग: खाकी, गडद निळा, तपकिरी किंवा कोरा. काळा सूट सिनेमातला. त्यावर मळ दिसत नाही, पण धूळ पांढरीफटक दिसते.

खादी चालते, आणि विसाच्या-तिसाच्या दशकातल्या गाडीसोबत तर सुरेख दिसते. मात्र ती आटते. कुठलंही सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, धुवा, वाळवा, इस्त्री करा, मग शिंप्याकडे न्या. 'मिलचं आहे, आटत नाही' यावर विश्वास ठेवू नका.

५. तयार कुठे मिळेल?

नवा बॉयलर सूट औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो. पण त्याला चमकणाऱ्या पट्ट्या, नायलॉनची चेन आणि बहुधा टेरीकॉट कापड असतं. पट्ट्या उसवता येतात, कापडाचं काय करणार? गणवेशाचं काम हवं असेल तर सोलापूर लक्षात ठेवा. शाळांचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवणारं ते मोठं केंद्र आहे आणि तिथे ड्रिलची निवड चांगली असते. कापडच घ्यायचं तर मुंबईत मंगलदास मार्केट.

जुना अस्सल कपडा मात्र नशिबाचा भाग. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे बटणं, पट्ट्यांची बक्कलं, टोप्या, चामडी पिशव्या सापडतात. अंगात होईल असा सूट क्वचितच. कामाचा कपडा कुणी जपून ठेवत नाही. तो फाटला की त्याचं पुसायचं फडकं होतं. त्यामुळे मी सगळ्यांना सांगतो, शिवून घ्या.

६. शिंप्याला नेमकं काय सांगू? तो म्हणतो, शर्ट आणि पँट जोडून देतो.

तेच करू देऊ नका. माझा पहिला सूट असाच जोडून शिवला होता. आरशासमोर उभं राहिलं की झकास. रॅलीच्या सकाळी हँडल मारायला वाकलो आणि मागची शिवण कमरेपासून थेट खालपर्यंत उसवली. तो दिवस मी गाडीला पाठ लावून काढला.

चूक मापाची होती. या कपड्याला छाती-कमरेपेक्षा एक वेगळंच माप लागतं. मानेच्या मागच्या हाडापासून टेप सोडा, पाठीवरून खाली, दोन पायांमधून पुढे, पोटावरून वर गळ्याच्या खळगीपर्यंत. हे माप आतल्या कपड्यांवरून घ्या आणि त्यात किमान १० सेंटीमीटर मिळवा. उभं असताना कमरेशी थोडा फुगवटा दिसेल. दिसू द्या. वाकल्यावर तोच कामी येतो.

बाकी सांगायच्या गोष्टी: पाठीवर दोन्ही खांद्यांपासून कमरेपर्यंत एकेक खोल चुणी, म्हणजे हात पुढे नेता येतात. काखेत चौकोनी कळी, बंडीला असते तशी. बाजूच्या खिशांच्या मागे चीर, म्हणजे आतल्या पँटच्या खिशात हात जातो. उजव्या मांडीवर मोजपट्टीसाठी अरुंद खिसा. बाह्यांना बटणाचे कफ, कारण उघडी बाही पंख्याच्या पट्ट्यात जाते. शिवण उघडी ठेवून ओव्हरलॉक मारू नका म्हणावं. कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा मारायच्या, जीन्सच्या मांडीला असतात तशा. दोरा सुती घ्या. पॉलिएस्टरचा दोरा चकाकतो आणि कापड विटलं तरी तो तसाच राहतो, मग टिपा वेगळ्या उठून दिसतात.

कापड ५८ इंच पन्ह्याचं असेल तर मध्यम अंगाला साधारण ४ मीटर, ३६ इंच पन्ह्याचं असेल तर ६ मीटर धरा. पहिला सूट मांजरपाटाचा करून बघा. त्यात बसा, वाका, उताणे झोपा, मग चांगलं ड्रिल कापा. कुणाकडून एखादा जुना सूट उसना मिळाला तर शिंप्यापुढे तोच ठेवा, माझी ही सगळी यादी बाजूला राहू द्या.

७. चेन लावली तर चालेल का? बटणं रोज लावायला कंटाळा येतो.

१९३० च्या आधीच्या गाडीसोबत नको. त्यानंतर धातूची चेन चालवून घेता येईल. नायलॉनची चेन साठच्या आधी अजिबात नको. पण मी बटणांच्याच बाजूचा आहे, कारण मेकॅनिकच्या सूटमध्ये बटणपट्टीवरून कापडाची आणखी एक पट्टी येते आणि बटणं झाकली जातात. मडगार्डवर ओणवं झालं तर रंगावर ओरखडा उठत नाही. चेनने उठतो.

८. पाठीवर कंपनीचं नाव काढून घ्यायचं आहे. बर्मा शेल कसं राहील?

छान राहील, पण साल जुळवा. बर्मा-शेल १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. तीच पुढे भारत पेट्रोलियम झाली. १९२४ च्या गाडीशेजारी तिचा माणूस उभा राहू शकत नाही. एस्सो आपल्याकडे १९७४ मध्ये संपली आणि हिंदुस्थान पेट्रोलियम आली.

कॉम्प्युटरवरचं भरतकाम जाड आणि गुळगुळीत येतं, लगेच कळतं. अमेरिकी सूटांच्या पाठीवरची जुनी अक्षरं साखळी टाक्याची असायची. आपल्याकडे आरीकाम करणारे तोच टाका घालतात. ब्लाउजवर मोर काढणाऱ्या कारागिराला अक्षरांचा कागद नेऊन द्या. आधी हसेल, मग मशीनपेक्षा सुबक काढून देईल. मात्र कंपनीचं चिन्ह घातलेले कपडे शिवून विकायला काढू नका. स्वतःपुरतं घालणं वेगळं आणि धंदा वेगळा.

९. नवा कपडा फार नवा दिसतो. चहात बुडवू का? पॉलिश पेपर घासू?

माझ्या मते नको. खोटी झीज नेमकी चुकीच्या जागी पडते. लोक गुडघे घासतात. मेकॅनिकचा सूट कोपरांवर, बसायच्या जागी आणि उजव्या खिशाच्या काठावर आधी झिजतो, कारण पाना तिथून दिवसातून शंभरदा निघतो. खळ काढण्यासाठी चार-पाच धुण्या द्या, उन्हात उलटा वाळवा, आणि दर रविवारी गाडीखाली जाताना तोच घाला. सहा महिन्यांत तुम्हाला कुणी विचारणार नाही.

१०. माझी पद्मिनी जुनी काळी-पिवळी आहे. टॅक्सीवाल्याची खाकी घालू?

जरूर. मुंबईत शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. त्यामुळे या पोशाखाला आता आठवणीचं मोल आलं आहे. साधा खाकी बुशशर्ट, दोन खिसे, खाली कुठलीही पँट, मानेवर घाम टिपायला रुमाल. हा बॉयलर सूट नव्हे, तेव्हा प्रश्न ६ मधलं काही इथे लागत नाही. खांद्यावर पट्ट्या शिवू नका आणि छातीवर नावाची पाटी लावू नका. तो पोलीस दिसायला लागतो, आणि मग पुढचा प्रश्न वाचा.

११. विलिस जीप आहे, दुसऱ्या महायुद्धातली. लष्करी कपडे घातले तर कायद्याची अडचण येते का?

सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम १६८, पूर्वीचं दंड संहितेचं कलम १४०. सगळी मेख 'हेतू' या शब्दात आहे, पण गेटवरच्या शिपायाला हेतू समजावत बसायची हौस कुणाला असते? म्हणून साधं पाळा. सध्याच्या सैन्याची चट्ट्यापट्ट्यांची नक्षी नको, पदाच्या खुणा नकोत, पदकं तर नकोतच. त्या काळी अमेरिकी लष्करातले मेकॅनिक माशाच्या काट्यासारख्या विणीच्या हिरवट सुती कापडाचा एकसंध सूट घालत. तो बिल्ल्यांशिवाय शिवला तर जीपला अगदी शोभतो आणि आजच्या कुठल्याच गणवेशाशी गल्लत होत नाही. आजोबांची खरी पदकं असतील तर ती गाडीत चौकटीत ठेवा.

१२. गाडीची सीट बिस्किटी रंगाच्या चामड्याची आहे. डेनिमची डंगरी घालून बसले तर?

पहिल्याच दिवशी निळा ठसा उठेल, विशेषतः घामात. नीळ कापडावर वरवर बसलेली असते आणि घासली की सुटते. आठ-दहा धुण्यांनी कमी होते, थांबत नाही. सीटवर जुनी चादर टाका किंवा खाकी घाला. आणि मागच्या खिशांवर तांब्याचे रिव्हेट असतील तर तेही बघा. जीन्सवाल्या लीव्हाय कंपनीने १९३७ मध्ये मागच्या खिशांचे रिव्हेट कापडाखाली झाकले, ते खोगिरावर आणि खुर्च्यांवर ओरखडे उठतात अशा तक्रारी आल्या म्हणूनच.

१३. बायकांसाठी काही आहे का? आमच्या घरात गाडी मीच चालवते.

आहे, आणि त्यात खोटं काही नाही. युद्धकाळात बायका गॅरेजात सर्रास दिसू लागल्या. १९४५ मध्ये राजकन्या एलिझाबेथ लष्कराच्या मोटार विभागात शिकत होती, तिचे बॉयलर सूटातले फोटो प्रसिद्ध आहेत. अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही: एकसंध सूटात मोरीत जायचं तर अख्खा खांद्यावरून उतरवावा लागतो, आणि रॅलीतल्या शौचालयाच्या जमिनीकडे बघून तो उतरवायची इच्छा होत नाही. म्हणून मी दोन तुकडे सुचवतो. उंच कमरेची, बाजूला बटणं असलेली ड्रिलची पँट आणि त्याच कापडाचं आखूड जाकीट. कमरेशी चार बटणांनी जोडले की लांबून एकसंधच दिसतं. केस रुमालात घट्ट बांधा. साडीच हवी असेल तर पदर खोचा आणि बॉनेट उघडं असताना इंजिन चालू करू देऊ नका.

१४. मोठ्या अमेरिकन गाडीसाठी शोफर हवा आहे. त्याला काय घालू?

उन्हाळी पोशाख म्हणजे पांढऱ्या ड्रिलचा बंद गळ्याचा कोट, तशीच पँट, पुढे छज्जा असलेली टोपी. पितळी बटणं शिवून टाकू नका. मागे कडी असलेली बटणं घ्या, कोटाला बारीक भोकं पाडा आणि आतून रिंग अडकवा. पूर्वी कोट परटाकडे देण्याआधी बटणं अशीच काढून घेत, नाहीतर दगडावर आपटून दोन्हींचा निकाल लागायचा. अगदी सुरुवातीच्या उघड्या गाड्यांसोबत मात्र कोटावरून लांब, सैल, मातकट रंगाचा धूळकोट आणि गॉगल. पुढे काच नाही आणि रस्ता कच्चा, म्हणजे तो शौक नव्हता, गरज होती.

१५. इंग्लंडमध्ये राहतो. गुडवुड रिव्हायव्हलला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या मेळ्याला, जातो आहे. आपल्याकडचा पोशाख चालेल का?

तिथे १९४८ ते १९६६ हा काळ मांडतात, शर्यतींचं ते मूळ सर्किट तेवढीच वर्षं चाललं म्हणून. तेव्हा १९२० चा धूळकोट तिथे उगीच वाटेल. कुर्ल्याचा फिटर १९५४ म्हणून खाकी सूट अगदी चपखल. कापड मात्र २८० ग्रॅमचं घ्या आणि आत लोकर, सप्टेंबरातला तिकडचा पाऊस आपल्या पावसासारखा ऊबदार नसतो.

१६. पायात काय?

कातडी सोलचे बूट ग्रीसवर घसरतात. रबरी सोलचे घोट्यापर्यंतचे चामडी बूट घ्या, किंवा साधे तपकिरी कॅन्व्हासचे. चप्पल फोटोपुरती खरी आहे, जॅक लावताना नाही.

१७. ऑइलचे डाग कसे काढू? घरच्या मशीनमध्ये टाकू का?

ताज्या डागावर बेसन किंवा खडूची पूड दाबून तासभर ठेवा, झटका, मग कपड्याच्या साबणाची वडी कोरडीच घासा आणि गरम पाण्यात भिजवा. राहिलेला डाग राहू द्या.

पेट्रोल किंवा रॉकेल सांडलेला सूट मशीनमध्ये कधीच टाकू नका आणि बंद पिशवीतही कोंबू नका. आधी बाहेर वाऱ्यावर पूर्ण वाळवा, वास गेला पाहिजे. लाकडी सांगाड्याच्या गाडीला अळशीचं तेल लावत असाल तर त्या फडक्यांचं आणखी जपा. गोळा करून कोपऱ्यात टाकलेली फडकी आपोआप तापतात आणि पेटतात. पाण्यात बुडवा, मग दोरीवर एकेक सुटं पसरून वाळू द्या. आमच्या गॅरेजबाहेरच्या दोरीवर रविवारी संध्याकाळी हेच वाळत असतं, आणि शेजारच्या काकू दर वेळी विचारतात की धुणं अजून झालं नाही का.